दूरच्या पॅनेलवरचा इंडिकेटर पेटतोय की उडालाय, हे पीएलसीला (प्रोग्रामवर चालणाऱ्या कंट्रोलरला) कसं कळवायचं?

रंगखाते_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं डाईंग युनिट आहे. ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) आमच्या कंट्रोल रूमपासून साधारण ३५० मीटर लांब. ब्लोअर रूमच्या पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीवर सहा इंडिकेटर आहेत: दोन ब्लोअरचे 'चालू' आणि 'ट्रिप', एक टाकी भरल्याचा, एक फेज फेलचा. सगळे २२.५ मिमी भोकाचे, २३० व्होल्ट एसी एलईडी टाइप. कंट्रोल रूममधल्या पीएलसीच्या रिले आउटपुटवरून १२ कोर, १.५ स्क्वेअर (चौरस मिमी) च्या केबलने जातात. सहा कोर दिव्यांना, एक न्यूट्रल, दोन फ्लोट स्विचला, एक हूटरला, दोन रिकामे.

मागच्या महिन्यात रात्रपाळीत ब्लोअर ट्रिप झाला, पण ट्रिपचा दिवा उडालेला. ऑपरेटरला दिवा दिसला नाही म्हणजे सगळं ठीक, असं वाटलं. सकाळपर्यंत एरेशन टाकीला हवा नाही, वास सगळ्या गल्लीत.

आता मालकांचं म्हणणं असं की दिवा उडाला तर कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर कळलं पाहिजे. एसीएस७१२ या करंट सेन्सर चिपचा ५ अँपचा मॉड्यूल लावून पाहिला, दिवा चालू असो की बंद, आकडा तोच. ५०/५ चा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) पडून होता, त्यातूनही काही नाही. पीएलसीत आठ डिजिटल इनपुट आणि दोन अॅनलॉग इनपुट रिकामे आहेत. शक्यतो नवी केबल ओढायची नाही. काय करता येईल?

आणखी एक गंमत: बंद असतानाही दोन दिवे रात्री मंद मिणमिणतात.

पॅनेलवायरमन_चिंचोळी

आधी ते दोन्ही सेन्सर बाजूला ठेवा. एसीएस७१२ ५ अँपवाला एका अँपला १८५ मिलीव्होल्ट देतो. तुमचा दिवा घेतो फार तर १५-२० मिलीअँप, म्हणजे तीनेक मिलीव्होल्टचा फरक. त्या चिपचा स्वतःचा गोंगाट त्याच्या कितीतरी पट जास्त असतो. ५०/५ सीटीचं तर विचारूच नका, तो मोटारीसाठी आहे. छोट्या १०००:१ सीटीतून वायरचे दहा वेढे घेतले तर १५० मायक्रोअँप मिळतात, पण मग अॅम्प्लिफायर आला. एवढ्या खटाटोपापेक्षा ऑप्टोकपलर (आतल्या एलईडीच्या उजेडाने सिग्नल पलीकडे देणारी चिप) दिव्याच्या सिरीजमध्ये टाका.

एसीसाठी असं करा. डीबी१०७ ब्रिज (एसीचा डीसी करणारा) घ्या. त्याची एसीची दोन टोकं दिव्याच्या फेजच्या तारेत सिरीजमध्ये. ब्रिजच्या प्लस-मायनसमध्ये तीन १एन४००७ डायोड एकामागोमाग, सरळ दिशेने. दिवा किंवा केबल शॉर्ट झाली तर जास्तीचा करंट त्यांतून जातो. त्या तिघांच्या समांतर ४७ ओहम आणि पीसी८१७सी या ऑप्टोचा एलईडी. आणि पीसी८१७ च्या पाय १ व २ वर थेट १५० ओहम, हा उंबरठा ठरवतो: १.१ व्होल्ट भागिले १५० म्हणजे साधारण ७ मिलीअँप होईपर्यंत ऑप्टो जागाच होत नाही. पाय ३-४ पीएलसीच्या २४ व्होल्ट इनपुटला. शेवटी 'सी' अक्षर असलेलाच घ्या, त्याचा सीटीआर (एलईडीच्या करंटच्या किती टक्के करंट पलीकडे मिळतो ते) २०० ते ४०० टक्के असतो. साध्या पीसी८१७ ए ने इनपुटला पुरेसा करंट मिळेलच असं नाही.

ऑप्टोतून सिग्नल १०० हर्ट्झने तुटक येतो. प्रोग्राममध्ये २०० मिलिसेकंदांचा ऑफ-डिले द्या, म्हणजे सिग्नल गेला तरी तेवढा वेळ चालूच धरायचा. दिव्याला तीन-चार व्होल्ट कमी मिळतील, २३० त कुणाला कळतही नाही. बोर्डवर मेनची बाजू आणि २४ व्होल्टची बाजू यांत किमान ६ मिमी मोकळी जागा ठेवा, ऑप्टोच्या खाली ट्रॅक नको. सहा दिव्यांचा बोर्ड एका डिन रेलच्या पेटीत बसतो. सुटे भाग तर किरकोळ किमतीचे आहेत, पेटीच महाग.

तो मिणमिणाट केबलचा आहे. मल्टिकोरमध्ये शेजारच्या कोरांत मीटरला ढोबळ ०.१५ नॅनोफॅरड कपॅसिटन्स धरा, ३५० मीटरला ५० नॅनोफॅरडच्या वर. २३० व्होल्टला त्यातून साडेतीन-पावणेचार मिलीअँप निघतो. एलईडीला मिणमिणायला तेवढा पुष्कळ झाला. म्हणूनच उंबरठा ७ वर ठेवायला सांगितला.

रिलेरूम

वायरमन भाऊंचं सर्किट बरोबर आहे, पण ते 'करंट जातोय का' एवढंच सांगतं. 'उजेड पडतोय का' हा वेगळा प्रश्न आहे. साध्या फिलामेंटच्या बल्बमध्ये दोन्हींचं उत्तर एकच येतं. तार तुटली की करंट शून्य. गाडीच्या इंडिकेटरचं उदाहरण घ्या: १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँप घेतो, एक उडाला की फ्लॅशर भराभर टिकटिकायला लागतो. करंटवरून दिवा ओळखण्याचाच तो प्रकार. (आणि लोक एलईडी लावून ती टिकटिक बंद करायला ६ ओहमचा रेझिस्टर जोडतात, म्हणजे दिवा उडालेला कळायची सोयच घालवून बसतात.)

रेल्वेत हे फार जुनं आहे. सोलापूर विभागात कुठल्याही रिले रूममध्ये जा, सिग्नलच्या प्रत्येक दिव्यासाठी ईसीआर नावाचा रिले दिसेल. तो दिव्याच्या करंटवर उचलतो. लाल दिवा उडाला तर त्याचा रिले पडतो आणि मागचा सिग्नल आपोआप लाल होतो, कारण अंधारा सिग्नल ड्रायव्हरला दिसणारच नाही. फिलामेंट होतं तेव्हा १२ व्होल्ट २४ वॅटचा बल्ब होता, म्हणजे दोन अँपचा ठणठणीत करंट. एलईडी सिग्नल आले तेव्हा हाच पेच आला जो तुमच्यापुढे आहे. त्यावर उपाय काय केला, तर युनिटमधले एलईडी ठरावीक प्रमाणाबाहेर गेले की युनिटने स्वतःहून करंट घेणं बंद करायचं, म्हणजे रिले पडतो. मुद्दा असा की दिवाच प्रामाणिक बनवला, मग करंटवर विश्वास ठेवला.

तुमचा २३० व्होल्टचा पॅनेल इंडिकेटर असा प्रामाणिक नाही. त्यातले बरेचसे कपॅसिटर ड्रॉपरवर (कपॅसिटरने व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटवर) चालतात. आत ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर २३० व्होल्ट ५० हर्ट्झला करंट १६ मिलीअँप, आणि हा आकडा कपॅसिटर ठरवतो, एलईडी नाही. एलईडी शॉर्ट झाला तरी तेवढाच. एलईडी उघडा पडला आणि त्याच्या समांतर झेनर असला तरी तेवढाच. उजेड शून्य, करंट पुरा.

विश्वास बसत नसेल तर उडालेला दिवा फेकला नसेल तर मोजून बघा. सप्लाय बंद करून मीटर मिलीअँपवर सिरीजमध्ये लावा, मग चालू करा. चालू सप्लायवर प्रोब हलवू नका, मीटरचा फ्यूज तर जाईलच.

रंगखाते_अक्कलकोटरोड

रिलेरूम साहेब, मोजलं. दिव्याच्या टोकाला मीटर लावून:

चांगला दिवा, चालू: १५.९ मिलीअँप.
चांगला दिवा, रिले बंद: ३ मिलीअँप (हाच तो मिणमिणणारा).
उडालेला ट्रिपचा दिवा, चालू: १५.७ मिलीअँप. उजेड अजिबात नाही.

म्हणजे ऑप्टो लावला असता तर पीएलसीने 'दिवा ठीक' असंच सांगितलं असतं. आता?

रिलेरूम

आता दिवे बदला. २४ व्होल्ट डीसीचे, आत फक्त रेझिस्टर आणि एलईडी असलेले घ्या. दुकानदाराला 'रेझिस्टर टाइप' सांगा, आणि मिळाल्यावर २४ व्होल्ट लावून करंट मोजा, मग १५ व्होल्ट लावून मोजा. व्होल्टेजबरोबर करंट सरळ उतरला तर आत रेझिस्टर आहे. तसाच राहिला तर आत रेग्युलेटर चिप आहे, तोही चालेल, पण उंबरठा त्याच्या आकड्याप्रमाणे ठरवा.

३५० मीटरवर २४ व्होल्ट टिकेल का, ही शंका येईल. १.५ स्क्वेअर तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला १२.१ ओहम, जाऊन-येऊन ७०० मीटर म्हणजे साडेआठ ओहम. २० मिलीअँपला ०.१७ व्होल्ट पडतो. न्यूट्रलच्या जागी कॉमन निगेटिव्ह आला, त्यातून सहाही दिव्यांचा १२० मिलीअँप परतला तरी तिथे अर्धा व्होल्ट. काही बिघडत नाही.

फायदा बघा: एलईडी उघडा पडला तर करंट सरळ शून्य. डिटेक्टर कंट्रोल रूममध्येच, रिले आणि केबलच्या मध्ये बसतो, एकही नवी तार लागत नाही. आणि तुटलेली तार, ढिला झालेला टर्मिनलचा स्क्रू, हेही त्याच इनपुटवर सापडतात. खरं सांगायचं तर बाहेरच्या भिंतीवरच्या दिव्यात एलईडीपेक्षा टर्मिनलच आधी दगा देतं.

डीसीसाठी ब्रिज काढून टाका, बाकी वायरमन भाऊंचंच सर्किट. १५० ऐवजी ४७० ओहम चालेल, म्हणजे उंबरठा सव्वादोन मिलीअँपवर येतो. ऑफ-डिलेही काढा. डीसीत तुटक सिग्नल यायला नको, आला तर तो झाकायचा नाही, शोधायचा.

एकच अट: २४ व्होल्टचे कोर आणि २३० व्होल्टचे कोर एका मल्टिकोरमध्ये ठेवू नका.

ईटीपी_शिफ्टइंजि

सर्किटबद्दल दोघांनी सांगितलंच, मी प्रोग्राम आणि पद्धतीबद्दल लिहितो, कारण मूळ घोळ तिथे आहे.

पहिलं, ब्लोअर चालू आहे की नाही हे दिव्यावरून ठरवूच नका. काँटॅक्टरचा (मोटार चालू-बंद करणाऱ्या मोठ्या रिलेचा) ऑक्झिलरी एनओ काँटॅक्ट, म्हणजे तो उचलला की जुळणारा, एका इनपुटला, ओव्हरलोड रिलेचा ट्रिप काँटॅक्ट (९७-९८) दुसऱ्या इनपुटला. ब्लोअरचा पट्टा तुटला तर काँटॅक्टर चालूच राहतो, म्हणून डिलिव्हरी लाइनवर प्रेशर स्विच. दिवा हा भिंतीसमोर उभ्या माणसासाठी आहे, पीएलसीला त्याची गरज नाही.

दुसरं, ट्रिपचा दिवा वर्षातून चारदा पेटतो. बाकी वेळ तो बंद, आणि बंद दिव्यातून करंटच जात नाही, मग तो उडालाय हे डिटेक्टर कुठून सांगणार? पाळी बदलताना तीन वेळा पीएलसीने दिव्यांचे सगळे आउटपुट ३०० मिलिसेकंद चालू करायचे आणि फीडबॅक तपासायचा. दिवसाला तीनच वेळा, रिलेच्या काँटॅक्टचं आयुष्य त्याने कमी होत नाही. मात्र हूटर ट्रिपच्या दिव्याच्याच आउटपुटवर समांतर जोडलेला असेल तर तो रोज तीनदा किंचाळेल, तो आधी वेगळा करा.

याहून साधा उपाय म्हणजे अर्थ उलटा करणं. 'ट्रिप' दिव्याऐवजी 'सर्व ठीक' दिवा, जो कायम पेटलेला. अंधार दिसला की गडबड, मग ती ब्लोअरची असो, तारेची असो की दिव्याची. सबस्टेशनमध्ये 'ट्रिप सर्किट हेल्दी'चा दिवा याच तत्त्वावर ट्रिप कॉइलच्या सिरीजमध्ये असतो. ऑपरेटरने चुकीचा अर्थ लावायची जागाच राहत नाही.

फीडबॅकचं लॉजिक: आउटपुट चालू होऊन अर्धा सेकंद थांबा (रिले उचलायला), मग फीडबॅक नसेल आणि दोन सेकंद तसाच राहिला तर 'दिवा/तार नादुरुस्त'. चाचणीच्या ३०० मिलिसेकंदांत हे दोन्ही टायमर बायपास करून २०० मिलिसेकंदांना थेट इनपुट वाचा. आउटपुट बंद असून फीडबॅक आला तर तो वेगळा अलार्म: रिलेचा काँटॅक्ट चिकटलाय किंवा २४ व्होल्ट कुठूनतरी परत येतोय. या दोन अलार्मना एकच नाव देऊ नका. रात्री दोनला फोन आल्यावर नेमकं काय बघायचं हे त्यावरून कळतं.

भिंगवाला

आणि ज्यांना २३० व्होल्टचे दिवे बदलायचेच नाहीत, त्यांनी उजेडच मोजावा. एलडीआर (उजेडाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर), ५५२८ क्रमांकाचा घ्या. अंधारात मेगाओहम, उजेडात काही किलोओहम. काळ्या हीटश्रिंक नळीच्या ३० मिमी तुकड्यात बसवा आणि नळीचं तोंड लेन्सच्या कडेला टेकवा, समोर नको, नाहीतर दिवाच झाकला जाईल. १० किलोओहमबरोबर डिव्हायडर करून अॅनलॉग इनपुटला.

पण यांची भिंत पश्चिमेची आहे. दुपारी चार ते सहा ऊन थेट लेन्सवर पडतं, एलडीआर म्हणतो दिवा पेटलाय. त्यामुळे नुसता आकडा पाहू नका, फरक पाहा: दिवा ३०० मिलिसेकंद बंद करा, आधीचा आणि नंतरचा आकडा वजा करा. फरक पडला नाही तर दिवा गेला. भर उन्हात फरक कमी येतो, म्हणून चाचणी रात्री ठेवा. सहा दिवे आणि दोन अॅनलॉग इनपुट म्हणजे एका इनपुटवर तीन-तीन दिवे पाळीपाळीने, किंवा तिथे छोटा रिमोट आयओ (लांबचे इनपुट-आउटपुट घेणारा मॉड्यूल) आणि आरएस४८५ ची डेटा लाइन. एवढं सगळं करण्यापेक्षा २४ व्होल्ट बरा, हे मीच सांगतो. एलडीआर मी फक्त तिथे लावतो जिथे दिव्याची तीव्रता उतरलेली कळायला हवी, ते करंटवरून कळत नाही.

दिवे पश्चिमेच्या भिंतीवरून उत्तरेच्या भिंतीवर न्या, हा फुकट सल्ला. मे महिन्यात बाहेर ४२-४३, पत्र्याच्या पेटीत आत साठीच्या वर सहज. ड्रॉपरमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दर दहा अंशांना निम्म्या आयुष्यावर येतो.

पॅनेलवायरमन_चिंचोळी

रिलेरूम, कपॅसिटर ड्रॉपरचा मुद्दा मान्य. माझं सर्किट फिलामेंट आणि निऑनवर चालत आलेलं, त्याच सवयीने लिहिलं.

बदलताना रंगांचंही एकदा ठरवून घ्या. जुन्या पॅनेलांत लाल म्हणजे चालू, हिरवा म्हणजे बंद, पिवळा म्हणजे ट्रिप. आयईसी ६०२०४ प्रमाणे आलेल्या मशिनवर हिरवा म्हणजे ठीक आणि लाल म्हणजे धोका. एकाच भिंतीवर दोन्ही पद्धती असल्या तर डिटेक्टर कितीही चांगला लावा, उपयोग नाही.

रंगखाते_अक्कलकोटरोड

सगळे दिवे २४ व्होल्टचे केले, करंट १८ मिलीअँप. हूटर वेगळ्या केबलवर नेला. डिटेक्टर बोर्ड कंट्रोल रूममध्ये. पाच दिवे झकास, काढले की अलार्म येतो. फेज फेलचा मात्र हट्टी: दिवा सॉकेटमधून काढला तरी इनपुट पूर्ण बंद होत नाही, पीएलसीवरचा इनपुटचा छोटा एलईडी मंद थरथरतो. आउटपुट बंद केला की शांत. बोर्डवरचा ऑप्टो बदलून पाहिला, तेच.

रिलेरूम

फ्लोट स्विच कशावर चालतोय?

रंगखाते_अक्कलकोटरोड

२३० व्होल्टवर, त्याच केबलमध्ये. तो तसाच राहिलाय.

रिलेरूम

तोच. थरथर ५० हर्ट्झची आहे. फ्लोटचा फेज कायम जिवंत, आणि फेज फेलचा कोर बहुतेक त्याला चिकटून जातोय. दिवा काढला तरी आउटपुट चालू असताना शेजारच्या कोरमधला एसी तुमच्या ऑप्टोमधून २४ व्होल्टच्या सप्लायकडे वाट काढतो. एका अर्ध्या सायकलला ऑप्टोची दिशा जुळते आणि शिखराला सव्वादोन मिलीअँपच्या वर जातो. आउटपुट बंद केला की ती वाट तुटते, म्हणून शांत.

फ्लोट स्विच हा नुसता काँटॅक्ट आहे, त्याला २३० ची गरज काय? कंट्रोल रूममधूनच २४ व्होल्ट त्याच्या एका कोरवर द्या, दुसरा कोर थेट पीएलसीच्या इनपुटला. मधला २३० व्होल्टचा रिले काढून टाका. ते होईपर्यंत त्या एका चॅनेलला ४७० च्या जागी १५० ओहम लावा, १८ मिलीअँपच्या दिव्याला तो उंबरठा आरामात पार होतो.

काम झाल्यावर दिवा काढून मीटर डीसी नाही, एसी मिलीअँपवर लावून त्या कोरमध्ये पुन्हा मोजा. ०.१ च्या खाली आला पाहिजे. आला नाही तर त्या दोन रिकाम्या कोरांची टोकं तपासा. तेही कुणीतरी कुठेतरी जोडलेले निघतात.